तळघरातलं पाणी आणि भिंतींची ओल: बडोद्याच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी काळाघोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात तेच तेच प्रश्न माझ्याकडे येतात. कोणी भिंतीचा फोटो पाठवतं, कोणी लग्नाच्या पंगतीतून उठवून बाजूला नेतं. कलाभवनात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकले, पुढची तीसेक वर्षं जुन्या-नव्या घरांच्या दुरुस्तीत गेली, तेव्हा ‘काकूंना विचारा’ हे ओघानं आलंच. प्रश्न विचारले गेले तसेच ठेवलेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. पाणी आत्ताच शिरत असेल तर पहिले चार प्रश्न वाचा, बाकीचे जमीन सुकल्यावर.

१. तळघरात पाणी शिरतंय. सगळ्यात आधी काय करू?

खाली कोणी असेल त्याला वर बोलवा आणि मग कोणीही खाली उतरू नका. मेन स्विच वरच्या मजल्यावर असेल, तिथली जमीन कोरडी असेल आणि तुमचे हातही कोरडे असतील, तर तो बंद करा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. सामानाचं नंतर बघू. धान्याच्या कोठीसाठी, शिलाई मशीनसाठी ‘एकच फेरी’ मारायला उतरलेली माणसं मी पाहिलीत. दुसऱ्या फेरीला जिना दिसत नाही.

दाराचं गणित लक्षात ठेवा. तीन फूट रुंद दाराबाहेर दोन फूट पाणी साचलं, तर दारावर जवळजवळ १७० किलोचा दाब येतो. दार पाण्याच्या बाजूला उघडणारं असेल तर आतल्या माणसाला ते ढकलून उघडता येत नाही. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या जुन्या राजिंदर नगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. पोरांची अभ्यासाची खोली तळघरात केली असेल तर पावसाळ्याचे चार महिने ती वर हलवा.

२. आमचा मीटर आणि मेन स्विच तळघरातच आहेत आणि तिथे गुडघाभर पाणी आहे. बंद कसा करायचा?

तुम्ही करायचाच नाही. लाकडी काठी नको, रबरी चप्पल नको, काही नको. एमजीव्हीसीएल या वीज कंपनीला कळवून खांबावरूनच जोडणी तोडायला सांगा, आणि तोवर त्या पाण्याला शिवू नका.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. इन्व्हर्टर वेगळा असतो: मेन बंद असला तरी त्याच्या वायरिंगमध्ये वीज राहते. आणि गच्चीवर सोलर असेल तर दिवसाउजेडी पॅनेलपासून खाली येणारी वायर जिवंतच असते. पाणी ओसरल्यावरही इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय काही चालू करू नका. मग त्याच माणसाकडून मीटर आणि बोर्ड वर घेऊन ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. एकदाचा खर्च, पण इतका सार्थकी लागणारा दुसरा नाही.

३. पाऊस थांबला, ऊन पडलं. आता तर धोका नाही ना?

बडोद्यात आहे. आपल्याकडे पाणी वरून पडतं त्याहून जास्त बाजूनं येतं. विश्वामित्री पावागडाकडून येते, आजवा तलावाचं पाणीही तिच्यातच येतं, त्यामुळे शहरात कोरडं ऊन पडलेलं असताना नदी चढत राहते. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला तेव्हाही, आणि २०२४ लाही, पाऊस ओसरल्यावर घरात पाणी शिरलं असं सांगणारे कितीतरी भेटतील. समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर या बाजूला राहत असाल तर आभाळाकडे बघू नका, नदीच्या फुटांचा आकडा बघा. धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फुटांच्या आसपास धरतात. आकडा तिथे पोचायच्या आत तळघर रिकामं झालेलं असावं.

४. बाहेरचं पाणी ओसरलं. मोठा पंप भाड्यानं आणून एका दमात उपसून टाकू का?

नाही! हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि पूर जेवढं नुकसान करतो त्यात ही घाई भर घालते.

रस्त्यावरचं पाणी गेलं तरी भिंतीमागची माती पाण्यानं गच्च असते. ती तुमच्या तळघराच्या भिंती आत ढकलते आणि तळातली फरशी वर उचलते. आतमध्ये पाणी असेपर्यंत ते उलट बाजूनं तोलून धरतं. तुम्ही तासाभरात आतलं काढून घेतलं की बाहेरचा सगळा जोर एकट्या भिंतीवर. आकड्यात सांगते. एक फूट उंच पाणी एका चौरस मीटरवर ३०५ किलोचा दाब देतं. चार इंची काँक्रीटचा कोबा भरतो चौरस मीटरला साधारण २४० किलो. म्हणजे खालून फूटभराचा जोर आला तरी नुसत्या वजनावर तो कोबा बसून राहत नाही. फुगतो, मधोमध तडकतो, आणि तिथून पुढं दर पावसाळ्यात पाणी. नऊ इंची विटांची भिंत आत पोट काढते. अशी पोट काढलेली भिंत मी एका बंगल्यात टेकू देऊन धरली होती, वरचं घर रिकामं करून.

पद्धत अशी. आधी बाहेर घराभोवती साचलेलं पाणी जाऊ द्या. मग आतलं एक फूट उपसा, भिंतीवर खडूनं रेघ मारा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी रेघेच्या वर आलं असेल तर जमिनीत अजून जोर आहे. एक दिवस थांबून पुन्हा तेच. रेघेवरच असेल तर दिवसाला दोन-तीन फूट काढत जा. घरातली मंडळी वैतागतील, वासही येईल. येऊ द्या.

आरसीसीचं, इंजिनिअरनं आखलेलं तळघर असेल तर थोडी सूट आहे, पण ते कसं आखलंय हे कागदावर माहीत असलं पाहिजे, ‘बिल्डर म्हणाला मजबूत आहे’ एवढ्यावर नाही.

५. पंप कुठला आणावा?

टाकीवर पाणी चढवायचा घरचा मोनोब्लॉक गाळानं अडकतो. चिखलाचं पाणी ओढणारा सबमर्सिबल मड पंप मागा. त्याचं तोंड जाळीच्या बादलीत ठेवा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या आत जाणार नाहीत. जोडणी ईएलसीबीतून आणि पंप चालू असताना पाण्यात कोणी नाही. डिझेलचा पंप किंवा जनरेटर असेल तर तो उघड्यावर, खिडकीपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तळघरात माणूस झोपेत जावा तसा जातो. पाइपाचं दुसरं टोक गटारापर्यंत न्या. भिंतीलगत सोडलं तर तेच पाणी तुम्ही पुन्हा पुन्हा उपसत बसाल.

६. काकू, खाली मगर असली तर?

हसू नका, २०१९ आणि २०२४ च्या दोन्ही मोठ्या पुरांत सोसायट्यांच्या रस्त्यांवर मगरी आल्या होत्या. गढूळ पाण्यात ती दिसत नाही. शंका असेल तर दार ओढून घ्या, कुत्र्याला आत बांधा, वनखात्याला किंवा प्राणी सोडवणाऱ्या संस्थेला फोन करा. मगरीला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा शेजारच्या उत्साही पोरांना दोर घेऊन येऊ देऊ नका. सापांना हेच लागू. ते बहुतेक जिन्याच्या कोरड्या पायऱ्यांवर येऊन बसतात.

७. आमच्याकडे पूर नव्हता. तरी तळघराच्या कोपऱ्यात पाणी येतं. कुठून?

हे कळल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. निम्मं काम इथेच आहे. मी ज्या क्रमानं बघते तो क्रम सांगते.

पहिलं, गच्चीचं पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की साधारण २,३६० लिटर पाणी होतं. चार इंचांच्या रात्री साडेनऊ हजार लिटर. ते पाइपातून खाली येऊन भिंतीच्या बुडाशीच पडत असेल तर दुसरं कारण शोधूच नका. भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चारपाच घरांचा निकाल त्या फेरीत लागतो.

दुसरं, घराभोवतालची जमीन. अंगणात पेव्हर बसवताना उतार घराकडे झालेला असतो. जोत्याला लागून तीन फूट रुंद पट्टा आणि त्याला बाहेरच्या बाजूला निदान पाऊण इंच उतार हवा. आपल्याकडे बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीपासून सुटते आणि पहिल्या दोन पावसांचं पाणी त्या फटीतून थेट पायापाशी जातं. मग फुगून फट बंद होते. म्हणून काहींच्या तळघरात जूनमध्ये पाणी येतं आणि जुलैत थांबतं. त्यांना वाटतं आपोआप बरं झालं.

तिसरं, नळ. उन्हाळ्यातही ओल असेल तर संशय पाइपावर. रात्री झोपताना वरच्या टाकीत पातळीला खूण करा, सगळे नळ बंद, सकाळी बघा. टाकी उतरली असेल तर गळती टाकीनंतरच्या पाइपात. टाकीत भरणारी लाइन मात्र यात सापडत नाही. ती प्लंबरकडून दाबावर तपासून घ्यावी लागते.

चौथं, सांडपाणी. वास आणि काळपट रंग यांवरून कळतं. पाचवं, खरंखुरं भूजल: पावसाळा संपत आला की येतं, दिवाळीपर्यंत टिकतं, आणि भिंतीतून येण्याऐवजी भिंत-जमिनीच्या सांध्यातून उमळतं.

एक सोपा उपाय: टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र. नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि झिरपलेलं पाणी, तिन्ही मोजा. झिरपलेलं पाणी नळाच्या आकड्याजवळ असेल तर फुटलेला पाइप शोधा. खूप वर असेल तर जमीन किंवा गटार. झिरपताना पाणी मातीतले क्षार घेतं, तेव्हा हा पुरावा नव्हे, इशारा आहे. पण प्लंबरला कुठल्या भिंतीपासून सुरुवात करायची हे त्यावरून ठरतं.

८. भिंत ओली दिसते. आतून ओल आहे की नुसता घाम, कसं ओळखायचं?

जाड प्लॅस्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला असतील तर तो हवेतला घाम. दोन्हीकडे असतील तर दोन्ही आहेत, आणि जुलैत बहुतेकांकडे दोन्ही असतात, म्हणून ही परीक्षा नोव्हेंबरात पुन्हा करा.

९. हवा खेळती राहावी म्हणून पावसाळ्यात तळघराच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवतो. तरी कुबट वास जात नाही. का?

उघड्या ठेवता म्हणूनच. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा २६ अंशांना थंड झाली की पाणी सोडते. तळघराची भिंत तेवढी थंड असतेच. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीच्या अंगावर बाहेरून दव जमतं तेच भिंतीवर होतं, आणि तुम्ही खिडकी उघडून त्याला रोज ताजी हवा पुरवता.

जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्या बंद ठेवा, आत हवा कोरडी करणारं यंत्र लावा किंवा एसी ड्राय मोडवर चालवा. नोव्हेंबरपासून सगळं सताड उघडा. मिठाच्या वाट्या, कोळशाची टोपली, कळीचा चुना हे सगळे उपाय मला माहीत आहेत, माझ्या सासूबाईही करत. कपाटाच्या एका खणाला चालतील. खोलीला नाहीत. कपाट मात्र भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, एवढ्यानंही फरक पडतो.

१०. भिंतीवर पांढरी पावडर येते, पुसली की पुन्हा येते. बुरशी आहे का?

नाही, लोणा आहे. पाणी भिंतीतून येताना क्षार विरघळवून आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. चिमटीत घेऊन चुरडा: कोरडी, कुरकुरीत लागेल. पाण्यात टाकली की विरघळेल. बुरशी तशी विरघळत नाही आणि तिला वास असतो.

धुवू नका, धुतली की क्षार पुन्हा भिंतीत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा, सुपलीत गोळा करा आणि घराबाहेर टाका. लोण्यातले काही क्षार हवेतलं पाणीही ओढतात, म्हणून गळती बंद केल्यावरसुद्धा तीच जागा पावसाळ्यात ओलसर दिसते. तिथला गिलावा काढूनच टाकावा लागतो. कसा आणि कुठला नवा घालायचा ते पुढच्या उत्तरात.

११. दांडियाबाजारात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. खाली ओल होती म्हणून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून टाइल्स लावल्या. आता ओल टाइल्सच्या वर आली. कंत्राटदार म्हणतो आणखी चार फूट लावू.

लावू नका. तुम्ही ओल थांबवली नाही, तिचा जिना बांधलात.

जुनी घरं विटा आणि चुन्याची. त्यांच्या जोत्यात ओल अडवणारा डीपीसीचा थर बहुतेक नसतो. जमिनीतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, साधारण तीन-चार फुटांपर्यंत, आणि वाटेत भिंतीच्या अंगातून उडून जातं. चढणं आणि उडणं यांचा जिथे मेळ बसतो तिथे ओल थांबते. चुन्याचा गिलावा त्याला उडू देतो. सिमेंट आणि टाइल्स नाही. मग पाणी उडायला जागा शोधत वर जातं.

रावपुऱ्यातल्या एका नातलगांकडे मी हेच काम उघडलं होतं. कडियानं (गवंड्यानं) पहिल्या टाइलखाली छिन्नी घातली आणि दोन ठोक्यांत सगळी ओळ पाठीमागच्या सिमेंटसकट पापुद्र्यासारखी हातात आली. मागे विटा गडद लाल, चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या; अंगठा लावला तर कड चुरा होऊन पडली. एका विटेच्या सांध्यात तर पांढऱ्या मुळ्या शिरल्या होत्या, अंगणातल्या जास्वंदीच्या. घरातल्या आजी खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या वेळी दर दिवाळीला चुना मारायचो, तेवढं पुरायचं.” अगदी बरोबर बोलल्या.

करायचं ते असं. सिमेंट आणि टाइल्स, ओलीच्या रेघेच्या वर फूटभरापर्यंत काढा. सांधे खरवडून एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवा. अंगणातली पातळी जोत्याच्या वर आली असेल (रस्ता दर वेळी वर चढतो, घर तिथेच राहतं) तर भिंतीलगत चर खणून खडी भरा. मग चुना-वाळूचा, किंवा मिळाली तर सुरखी (विटांची पूड) घातलेला गिलावा आणि वर चुन्याचाच हात. चुन्याचं काम येणारा कडिया शोधायला वेळ लागेल, पण शोधा.

भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याची पद्धतही आहे. सरळ थरांच्या विटांच्या भिंतीत, सांध्याच्या ओळीत नीट केली तर काम देते. दीड-दोन फूट जाडीच्या, आत भराव असलेल्या भिंतीत मी तिच्यावर पैसे लावणार नाही.

१२. आतून वॉटरप्रूफिंग केलं तर चालतं का? सगळे आतूनच करून देतात.

सगळे आतून करतात कारण बाहेरून खणणं कष्टाचं आणि महाग आहे. बाहेरचा थर पाण्याच्या दाबानं भिंतीवरच दाबला जातो. आतला थर पाण्यामुळे भिंतीपासून सुटायला बघतो. म्हणून आतून नुसता रंगाच्या जातीचा थर मारला तर एक-दोन पावसाळ्यांत फुगे येतात.

काँक्रीटची भिंत असेल तर सिमेंटच्या जातीचे, काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करणारे लेप आतून बरे चालतात. आधी रंग, पुट्टी सगळं खरवडून मूळ काँक्रीट दिसलं पाहिजे, भेगा व्ही आकारात कापून भरल्या पाहिजेत आणि भिंत-जमिनीच्या सांध्याला वाटा (सिमेंटची गोलाई) मारला पाहिजे. विटांच्या जुन्या भिंतीला हे लावू नका, प्र. ११ वाचा.

भूजल येत असेल तर पाण्याशी भांडण्यापेक्षा त्याला वाट देणं स्वस्त पडतं. तळघराच्या कडेनं उथळ चर, कोपऱ्यात दोन-अडीच फुटांचा सम्प (पाणी जमवायचा खड्डा), त्यात फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा पंप आणि तो इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टर मात्र वरच्या मजल्यावर! वीज पावसातच जाते.

१३. पुरानंतर भिंत किती दिवसांत सुकते? दिवाळीला रंग काढायचा आहे.

कुठल्या दिवाळीला? जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना असा ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत म्हणजे नऊ महिने, आणि तळघराची भिंत एकाच बाजूनं सुकते, तेव्हा त्याहून जास्त. ऑगस्टात बुडालेल्या घराला ऑक्टोबरात प्लॅस्टिक पेंट मारला की संक्रांतीला पोपडे. पाहुण्यांसाठी हवंच असेल तर साधा चुना मारा. तो पाणी उडू देतो, स्वस्त आहे आणि पुढच्या वर्षी खऱ्या रंगाआधी खरवडताही येतो. भिंतीवर हीटर रोखून घाईनं सुकवू नका, गिलावा तडकतो. पंखा भिंतीच्या समांतर लावा.

१४. काळी बुरशी आली आहे. ब्लीचिंग पावडर टाकली तर जाईल?

टाइल्स, काच, गुळगुळीत काँक्रीट यांवरून जाईल. प्लायवूड, पीओपी, गादी यांच्या आत मुळं गेलेली असतात, तिथे वरचा रंग उडतो आणि बुरशी राहते. अशा वस्तू टाकून द्या. ओलं झाल्यापासून एक-दोन दिवसांतच बुरशी धरायला लागते, तेव्हा प्लायवूडच्या कपाटांवर जीव लावू नका. आधी साबणाच्या पाण्यानं, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून पुसा. आणि ब्लीचिंग पावडर व संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका: क्लोरीन वायू होतो, आणि तळघरात तो बसून राहतो. दम्याच्या माणसाला या कामाला लावू नका.

पुराच्या पाण्यात चाललेल्यांनी पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगावं. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार ओळखायला तेवढी माहिती लागते.

१५. तळघरातल्या टाकीत पुराचं पाणी गेलं. साफ करून वापरू का?

उपसण्याआधी प्र. ४ वाचा. आजूबाजूची जमीन गच्च असताना रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. प्लॅस्टिकची तर हमखास. पूर येणार असं दिसलं की टाकी उलट काठोकाठ भरून ठेवायची.

जमिनीतलं पाणी उतरल्यावर गाळ काढा, भिंती घासा, टाकी चांगल्या पाण्यानं भरा आणि दर हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून घाला. नळांतून वास येईपर्यंत थोडं पाणी सोडा म्हणजे पाइपही धुतले जातील. चोवीस तास ठेवा, मग सगळं काढून टाका. हे पाणी पिण्याचं नाही, झाडांनाही नको. बाहेरून गाळ पुन्हा झिरपत असेल तर टाकीला तडा आहे.

१६. पाऊस जोरात आला की तळघरातल्या नहाणीच्या जाळीतून उलटं पाणी येतं.

रस्त्यातलं गटार भरलं की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं, आणि ते तुमचं असतं. घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि दर मे महिन्यात उघडून साफ करा. झडपेत केस आणि पिशवी अडकली की तो असून नसल्यासारखा. व्हॉल्व्ह बंद असताना वरच्या मजल्यावरचं पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा त्या तासाभरात वर कोणी आंघोळीला बसू नये. ऐन वेळी जाळीवर प्लॅस्टिक पसरून वाळूची पिशवी ठेवा, संडासाच्या भांड्यातही.

१७. ट्रंकेतली जुनी कागदपत्रं भिजली. मोडीतली आहेत. उन्हात वाळवू?

उन्हात नको, कागद वाकडा होऊन ठिसूळ होतो. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. मोडी कागदांची काजळीची शाई उन्हानं उडत नाही, पण ओल्या कागदावरून बोट फिरलं तर पुसून जाते. पंख्याखाली, सावलीत, छापील वर्तमानपत्र सोडून कुठल्याही कोऱ्या शोषक कागदावर पसरा आणि कागद बदलत राहा. दोन दिवसांत सगळं पसरणं जमणार नसेल तर गठ्ठे पिशवीत घालून सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवा. विचित्र वाटेल, पण जतनकारही हेच करतात. गोठलं की बुरशी थांबते आणि सवडीनं थोडं थोडं काढता येतं. ट्रंक पुन्हा तळघरात ठेवायची नाही, हे सांगायला नकोच.

१८. पार्किंगमध्ये गाडी बुडाली. आणि विमा मिळतो का?

गाडी चालू करू नका, ‘बघू तरी’ म्हणूनही नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, टो करून न्या. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काही मिळत नाही. पूर्ण विमा पुराला चालतो, पण बुडाल्यावर चालू करून बिघडलेलं इंजिन सहसा त्यात बसत नाही. त्यासाठी इंजिनची जोड वेगळी घ्यावी लागते.

घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी आहे. तिच्यात पूर आणि पाणी शिरणं धरलेलं आहे, आणि इमारतीसोबत घेतली तर सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतात. वर्षानुवर्षं झिरपून आलेली ओल मात्र पूर नव्हे. साफसफाईआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला मोजपट्टी लावून फोटो काढा.

१९. फ्लॅट तीन वर्षांपूर्वी घेतला, सोसायटीचं तळघर दर वर्षी गळतं. खर्च कोणाचा?

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ नुसार बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवणं महत्त्वाचं. वॉचमनला सांगितलेलं मोजत नाहीत. त्याआधी सोसायटीनं स्वतः कोणाला बोलावून भिंतीत भोकं पाडली असतील तर बिल्डर बोट तिकडेच दाखवतो. पाच वर्षांनंतर तळघर सामायिक, खर्चही सामायिक, मग तुमची गाडी तिथे असो वा नसो.

२०. शेजाऱ्यांच्या खाळकुव्यातून (शोषखड्ड्यातून) आमच्या भिंतीत पाणी येतं असं वाटतं. ते मान्य करत नाहीत.

आधी चहाला बोलवा. मग त्यांच्याच देखत त्यांच्या संडासात प्लंबरकडे मिळणारा हिरवा रंग टाका आणि दोन-तीन दिवस तुमच्या भिंतीवर लक्ष ठेवा. रंग दिसला तर वाद संपला. नाही दिसला तर लगेच सुटका झाली असं नाही, काळ्या मातीतून यायला वेळ लागतो. पण निदान तुमचा स्वतःचा पाइप तपासायला घ्या.

२१. कंटाळलो. तळघर बुजवूनच टाकलं तर?

काही घरांना तोच उपाय आहे, विशेषतः नदीकाठच्या. पण डंपरभर राबीट (मोडतोडीचा कचरा) ओतणं म्हणजे बुजवणं नव्हे. पाडकामाच्या राबीटात चुना, लाकूड, माती सगळं असतं. ते ओल धरतं आणि वाळवीला घर मिळतं. काळी माती तर नकोच, ती फुगून भिंतींना बाहेर ढकलते. आधी लाकूड, जुने पाइप, विजेच्या वायरी काढा. तळाच्या कोब्याला ठिकठिकाणी भोकं पाडा, नाहीतर आत तळं साचेल. मग मुरूम किंवा जाड वाळू, सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं ठोकलेला. शेवटच्या फुटात खडी, वर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि मग तळमजल्याचा कोबा. वरच्या मजल्याचं वजन तळघरातल्या खांबांवर येत असेल तर सुरुवातीलाच स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आणि अर्धंच बुजवायचं असेल, म्हणजे जमीन तीनेक फूट वर आणून वर कोठीची खोली ठेवायची, तर जिन्याच्या पायऱ्या आधी मोजा. एकानं मोजल्या नाहीत. शेवटची पायरी चार इंचांची झाली आणि घरातली प्रत्येक व्यक्ती तिथे एकदा तरी अडखळली आहे.